आखाजीला केसाळ पिल्लू घरी येणार असेल तर

आमच्याकडे शित्झू या लांब केसांच्या कुत्र्याचं पिल्लू आलं ते ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. कडुनिंबाला झोका टांगलेला, चुलीवर खापर, खापरावर मांडे, आणि बाहेर 43 डिग्री. अमळनेरच्या आजेसासूबाईंनी त्याला पदरात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वं माय, हाई कुत्रं शे का कापूस?" आम्ही हसलो. तीन महिन्यांनी त्या कापसाच्या जटा झाल्या तेव्हा कुणीच हसलं नाही. शाम्पू आणला होता, लाल रिबनी आणल्या होत्या, गळ्यातला घुंगरू आणला होता. धड फणी मात्र घरात नव्हती. म्हणून तयारीत पहिली खरेदी फणीची.

फणी स्टीलची घ्या, अर्ध्या भागात दाते विरळ आणि अर्ध्यात दाट असलेली. सोबत लांब तारांचा पिन ब्रश, आणि गुंता सोडवायला बारीक वाकड्या तारांचा स्लिकर. स्लिकर हलक्या हाताने चालवायचा, नाहीतर कातडी ओरखडते. फवाऱ्याची बाटली, कुत्र्यांचा शाम्पू आणि कंडिशनर, नखं कापायचं क्लिपर, बोथट टोकाची छोटी कात्री, दोन जुने पंचे, पाय घसरू नये म्हणून रबरी चटई. कापूस मुद्दाम आणायला नको, आपल्याकडे तो पुरून उरतो. माणसांचा शाम्पू मात्र नकोच, बेबी शाम्पूही नको. कुत्र्याच्या कातडीचा पीएच (आम्लता) आपल्यापेक्षा वेगळा असतो, कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते.

सामान आलं तरी लगेच वापरू नका. पिल्लू साधारण 8 आठवड्यांचं असताना येतं. पहिला आठवडा त्याला फक्त हात लावून घ्यायची सवय करा. रोज संध्याकाळी मांडीवर घ्या, एकेक पंजा हातात धरा, बोटांच्या मधली जागा चाचपा, कान उलटा करून पाहा, ओठ वर करून दात पाहा, आणि प्रत्येक वेळी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. दोन मिनिटं पुरे. ते वळवळायला लागायच्या आधी आपणच थांबायचं. मग फणी नुसती पाठीवरून फिरवायची, मग ड्रायर लांब ठेवून नुसता आवाज ऐकवायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढची दहा-बारा वर्षं ते नखं कापू देणार की चावणार, ते या दिवसांवर बरंच ठरतं. टेबलावर ठेवलंत तर एक हात सतत अंगावर हवा. एवढ्याशा पिल्लाने टेबलावरून उडी मारली की पाय मोडू शकतो.

आता विंचरणं. रोज दहा मिनिटं, आणि कोरडं कधीच नाही. पाण्यात थोडा कंडिशनर घालून हलका फवारा मारायचा, म्हणजे केस तुटत नाहीत. पिल्लाला कुशीवर झोपवा, पोटाकडून सुरुवात करा, भांग पाडत एकेक थर वर न्या. आधी केसाचं टोक, मग मधला भाग, मग मूळ. आम्ही तीन महिने नेमकं उलटं करत होतो. पाठीवरून ब्रश फिरवायचा, वरून केस रेशमासारखे दिसायचे आणि आत कातडीला चिकटून नमदा तयार होत होता. म्हणून ब्रश झाल्यावर फणी मुळापासून घालून पाहायची. अडकली तर तिथे काम बाकी आहे. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी हटकून अडकते. घरात असताना पट्टा काढूनच ठेवा.

जट सापडली तर कात्री उचलू नका. जटेबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कापली जाते. थोडं कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी तिचे दोन-चार भाग करा, मग टोकाकडून सोडवा. सुटली नाही तर ग्रूमरकडून मशीनने काढून घ्या, लाज वाटून घेऊ नका. साधारण 6 ते 12 महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा एका रात्रीत गुंता होतो. ते दिवस कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवा.

आमची मोठी चूक अंघोळीची. अंग गुंतलेलं असताना आम्ही त्याला बादलीत बसवलं. पाणी लागल्यावर जटा आवळल्या, सुकल्यावर दगड झाल्या, आणि शेवटी सगळं अंग भादरावं लागलं. तेव्हा आधी पूर्ण विंचरणं, मगच पाणी. तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहायची: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अक्षरशः कढत असतं. सकाळी लवकर भरून ठेवा आणि कोपर बुडवून पाहा. शाम्पू चोळायचा नाही, केसांच्या दिशेने दाबत न्यायचा. नीट धुऊन काढा, पंच्याने टिपा, मग ड्रायर अगदी मंद. ओलं पिल्लू कूलरसमोर बसवू नका. कूलरची हवा दमट, वरचे केस सुकतात आणि मुळं ओलीच राहतात.

तेल लावा, असं घरातली सगळी मोठी माणसं सांगतील. आमच्याकडे तिळाच्या तेलाची वाटी तयारच होती. तेलावर आपली धूळ बसते आणि उरलेलं तेल पिल्लू चाटतं, म्हणून आजींना वाटी त्यांच्या गुडघ्यांसाठी परत केली.

उन्हाळ्यात टक्कल करायचा मोह होतो. करू नका. उघड्या कातडीला ऊन भाजतं. शित्झू किंवा ल्हासा अप्सो जातीच्या कुत्र्याचे केस दोनेक सेंटीमीटर ठेवले की सांभाळायला सोपं जातं. पोमेरेनियनचं वेगळं आहे. त्याच्या केसांचे दोन थर असतात, आणि मशीन मारल्यावर ते कधी कधी पूर्वीसारखे येतच नाहीत. त्याला नुसतं विंचरून आतले सुटे केस काढायचे. शित्झूचं नाक चपटं, धाप लागून अंग थंड करायला ते कमी पडतं. त्यामुळे अकरा ते पाच ना फिरणं ना ग्रूमिंग. जोरात धापा, घट्ट लाळ, लडखडणं दिसलं की सावलीत न्या, साध्या पाण्याने भिजवा आणि थेट डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे बोटांमध्ये अडकतात. चिखल ओला असताना पुसू नका, आणखी आत जातो. कोमट पाण्यात पंजे बुडवून सोडवा. तळव्यामधले केस गादीच्या पातळीला कापलेले असले की निम्मं काम वाचतं. पाऊस सरला की आघाडा, गोखरू, कुसळं. कुसळ बोटांच्या मधून किंवा कानातून आत सरकत जातं, तेव्हा शेतातून आल्यावर तिथे आधी पाहा. त्याच वेळी गोचीडही शोधायचे. सापडला तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा. रॉकेल नको, आणि गोठ्यात गुरांसाठी ठेवलेलं गोचिडाचं औषध तर नकोच नको. पिल्लाचं औषध वयावर आणि वजनावर ठरतं, ते डॉक्टरांनाच विचारा.

डोळ्यांभोवती रोज ओल्या कापसाने पुसा, केस डोळ्यांत जात असतील तर वर छोटी शेंडी बांधा, रात्री सोडा. नखं तीनेक आठवड्यांनी, फक्त टोक. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. हळद नको, पांढरा पंजा आठवडाभर पिवळा राहतो.

पार्लरला मात्र लशी पूर्ण झाल्याशिवाय नेऊ नका, म्हणजे साधारण 16 आठवड्यांनंतर. पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो. जाताना लशींचं कार्ड, आपली फणी आणि आपला पंचा घ्या. आणि तिथे "बारीक करा" म्हणू नका. आमचा मुलगा तेच म्हणाला होता. बोटाचं पेर दाखवा आणि सांगा, एवढे ठेवा.