थर्ड इयरला क्लिनिकमध्ये उतरताय? आधी स्वतःचा ट्रे बघा

बीडीएस (डेंटल) थर्ड इयरला पेशंट मिळायला लागले की सगळं लक्ष ठरवून दिलेल्या केसेसच्या कोट्याकडे असतं, माझंही तसंच होतं, ग्लोव्ह्ज मास्क घातले की झालं इन्फेक्शन कंट्रोल असंच वाटायचं. ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला एकदा दात काढून झाल्यावर लोकल भुलीची सिरिंज मी घाईत ट्रेमध्येच ठेवली, वर रक्ताचा कापूस पडला आणि मी पेशंटला गोळ्या समजावून सांगत बसले. तेवढ्यात सिंककडून मावशींचा आवाज आला. ट्रे धुवायला घेतला होता त्यांनी आणि सुई ग्लोव्हमधून थेट अंगठ्यात. नळाखाली हात धरून त्या मलाच म्हणतायत, "घाबरू नको गं, होतं असं." आम्हा मुलांचे हिपॅटायटिस बीचे डोस झालेले आणि मावशींना एकही नाही, हे मला तेव्हा कळलं. अजून वाईट वाटतं.

पेशंट गेटपर्यंतच गेला होता म्हणून बरं, तो परत आला, त्याने रक्त तपासायला होकार दिला, रिपोर्ट निगेटिव्ह आले, मावशींचा पहिला डोस त्याच दिवशी झाला.

सुई टोचली की सगळे एचआयव्हीला घाबरतात. पण पेशंट पॉझिटिव्ह असेल तर एचआयव्हीचा धोका ०.३ टक्क्याच्या आसपास असतो आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के. म्हणून ०, १, ६ महिने असे तिन्ही डोस पूर्ण करा, नंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीजची पातळी) बघा, १० mIU/mL च्या वर हवा. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, आणि सर ओरडतील म्हणून लपवू तर अजिबात नका कारण पीईपी (एचआयव्ही होऊ नये म्हणून टोचल्यानंतर घ्यायची औषधं) लागली तर शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवी, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा.

सुईला दोन्ही हातांनी कॅप लावायची नाही, कॅप ट्रेमध्ये आडवी ठेवून एका हाताने सुई आत सरकवायची. वापरून झाली की सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, आणि हे सगळं तुम्ही स्वतः, ट्रे सिंकला जायच्या आधी. हँडपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग) नुसता स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं हे मी खूप ठिकाणी बघितलंय, ते चालत नाही, तो ऑटोक्लेव्हच (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) व्हायला हवा. ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे पाकीट गरम झालं एवढंच समजायचं, आतले जंतू मेले की नाही हे स्पोअर टेस्टच (चिवट जंतूंचे बीजाणू ठेवून केलेली चाचणी) सांगते.

पहिल्याच आठवड्यात तुमच्या डिपार्टमेंटच्या मावशी-मामांना विचारा, लस झालीय का. नसेल तर एचओडींना अर्ज द्या. आम्ही आठ जणांनी सह्या करून दिला होता, महिनाभरात सगळ्या अटेंडंट्सचा पहिला डोस कॉलेजमध्येच झाला.