बॅगेत इन्सुलिन होतं का? ‘ग्रीनलँड’ पाहून तरी या चुका टाळा

२०२० साली आलेल्या ‘ग्रीनलँड’ या चित्रपटात क्लार्क नावाचा धूमकेतू तुकड्यातुकड्यांनी पृथ्वीवर कोसळतो. एका तुकड्यात फ्लोरिडातलं टँपा शहर नाहीसं होतं. सरकार निवडक कुटुंबांना विमानाने सुरक्षित भुयारात नेत असतं, त्यात गॅरिटी कुटुंबही असतं. पण माझ्या अंगावर काटा आला तो आकाश बघून नाही. लष्करी विमानतळावरच्या गर्दीत जॉन गॅरिटी हा बाप बॅगेत हात घालतो, चाचपडतो आणि मुलाच्या इन्सुलिनचं पाकीट हाताला लागत नाही, तेव्हा आला.

पाकीट गाडीत राहिलंय. जॉन ते आणायला उलटा पळतो. इकडे बायको ॲलिसन तपासणीच्या टेबलापाशी मुलाच्या आजाराबद्दल सांगते आणि मायलेकांना विमानात घ्यायला नकार मिळतो. तिघांची ताटातूट होते. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट त्या पाकिटामुळे घडतो. (अजून पाहिला नसेल तर आधी पाहा. पुढे मी कथा उघड करूनच लिहिलं आहे.)

हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते. माझ्या भाचीला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बहिणीचं सांगलीतलं घर पुरात होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बहिणीने कागदपत्रं, दागिने, मुलीची पुस्तकं, अगदी देवघरातला बाळकृष्णसुद्धा वरच्या मजल्यावर नेला. इन्सुलिनच्या नव्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, तेवढ्या खाली फ्रीजच्या दारात राहिल्या. आठवण झाली तेव्हा फ्रीज आडवा होऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीला धडका देत होता. हाताशी फक्त वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन होतं, तेही निम्मं. दुसऱ्या दिवशी बोट आली म्हणून निभावलं.

माझी बहीण निष्काळजी नाही आणि जॉन गॅरिटीही नाही. घाईत डोळ्यांना दिसतं ते आपण उचलतो. औषध फ्रीजमध्ये असतं, ते दिसत नाही. त्यामुळे ‘आम्ही काळजी घेऊ’ एवढ्यावर ही चूक सुधारत नाही, त्यासाठी घरातली मांडणी बदलावी लागते.

औषधाची पिशवी वेगळी नसणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

औषधांची एक छोटी पिशवी कायम वेगळी हवी आणि ती मोठ्या बॅगेत कोंबायची नाही. मोठी बॅग डिकीत जाते, दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, बोटीत ‘सामान नको’ म्हटलं की काठावर राहते. औषधाची पिशवी ज्याचं औषध त्याच्या किंवा आईबापांपैकी एकाच्या अंगावर अडकवलेली असावी. चित्रपटात नेमकं हेच होत नाही. पाकीट सामानाबरोबर फिरतं आणि सामानातूनच बाहेर पडतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरायला काढलेली बहुतेक इन्सुलिन घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतात, मात्र नेमकी मुदत प्रत्येक वेष्टनावर असते, ती वाचा. वीज गेली म्हणजे इन्सुलिन त्याच घडीला खराब झालं असं नसतं. लोक घाबरून ते बर्फात पुरतात आणि तिथे घोटाळा होतो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही, टाकूनच द्यावं लागतं. व्हायल प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करा, डबा ओल्या फडक्यात गुंडाळा आणि माठाजवळ सावलीत ठेवा. बर्फ असलाच तर डबा आणि बर्फ यांच्यामध्ये जाड टॉवेल हवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर तर कधीच नको.

पिशवीत ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र), त्याच्या पट्ट्या, सुया, जास्तीचा सेल आणि साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, तिचा फोटो फोनमध्ये असला तरी कागदावरसुद्धा. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन पूर्ण बंद पडलं तर एखाद्या दिवसातही तब्येत हाताबाहेर जाऊ शकते. किती दिवसांचा साठा जवळ ठेवायचा ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. दमा, फिट येणं, रक्तदाब, डायलिसिस, घरात जे असेल त्याची पिशवी त्याप्रमाणे ठरेल.

आजार लपवणं

चित्रपटातून घेतला जाईल असा एक चुकीचा धडा आहे. ॲलिसनने खरं सांगितलं म्हणून नकार मिळाला, तेव्हा गप्प बसलेलं बरं, असं प्रेक्षकाला वाटू शकतं. कृपा करून असं करू नका. निवडक माणसांना भुयारात नेणं ही पटकथेची गरज आहे. आपल्याकडच्या पूर निवारा केंद्रात, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून शेकडो माणसं असतात आणि फेरीवर आलेल्या डॉक्टरला चेहऱ्याकडे बघून मधुमेह कळत नाही. पोचल्या पोचल्या नोंदणीच्या टेबलावर सांगा, औषधाचं नाव लिहून घ्यायला लावा. गरोदर बाई, नुकतीच शस्त्रक्रिया झालेलं माणूस, अंथरुणावरचे आजोबा यांचंही तसंच. भाचीला त्या वेळी इन्सुलिन मिळालं ते बहिणीने संकोच न करता चारचौघांत ओरडून सांगितलं म्हणून.

चुकामूक झाली तर कुठे, हे न ठरवणं

ॲलिसन एक गोष्ट फार शहाणपणाची करते. नवरा सापडत नाही तेव्हा ती गाडीवर चिठ्ठी लावून ठेवते: आम्ही बाबांकडे जातोय. बाबा केंटकीत लेक्झिंग्टनला राहतात. जॉनला ती चिठ्ठी मिळते आणि तिघं पुन्हा भेटू शकतात ते त्या ओळीमुळेच. पण हे तिला आयत्या वेळी सुचलं. आपण आधी ठरवायला हवं.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली, फोन लागत नव्हते. कितीतरी घरांत त्या रात्री एकच प्रश्न होता, शाळेतून निघालेलं पोर आहे कुठे? बाप शोधायला बाहेर पडला, पोर शेजारच्या इमारतीत सुखरूप, आणि आता बापाचा पत्ता नाही.

तेव्हा घरात बसून तीन गोष्टी बोला. घराजवळची भेटायची जागा कोणती. ती पाण्याखाली असेल तर लांबची कोणती. आणि निरोप कुणाकडे ठेवायचा. हा माणूस दुसऱ्या गावचा असावा, म्हणजे पूर सांगलीत असेल तर नाशिकची आत्या. अडकलेल्या दोन माणसांचा एकमेकांना फोन लागत नसला तरी बाहेरगावी लागण्याची शक्यता जास्त असते. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस टाका, तो वाट काढत जातो. आणि आत्याचा नंबर पाठ हवा. फोन बंद पडला की त्यात साठवलेले नंबरही गेले. आमच्याकडे तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहिला आहे.

निघताना दारावर खडूने लिहा: कोण कोण निघालं, कुठे, किती वाजता. बचाव पथकाचाही वेळ वाचतो.

मुलाला काय सांगायचं ते न शिकवणं

मदत करतो म्हणून गाडीत घेणारं जोडपं ॲलिसनला रस्त्यावर उतरवून मुलाला पळवतं. मुलाच्या मनगटावर प्रवेशाचा पट्टा आहे, तो त्यांना हवा असतो. पण फाटकावर सात वर्षांचा नेथन सैनिकाला सांगून टाकतो की हे माझे आईवडील नाहीत. मला वाटतं, अख्ख्या चित्रपटात सगळ्यात धीराचं काम त्याचं आहे.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच आपण शिकवतो. हरवलेल्या मुलाला कुणाशी तरी बोलावंच लागतं. कुणाशी ते शिकवा: गणवेशातला पोलीस, होमगार्ड, निवारा केंद्राच्या टेबलावरची बाई, लहान मूल कडेवर असलेली आई. स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांची पूर्ण नावं, गाव आणि एक फोन नंबर हे पाढ्यांसारखं म्हणवून घ्या. ‘आई’, ‘बाबा’ एवढंच नाव माहीत असलेली पुष्कळ मुलं असतात. आजार असेल तर तोही त्याच्या तोंडी असू द्या. ‘मला शुगर आहे, मला सुई लागते’ हे भाची चार वर्षांची असताना सांगायची.

उजेड दिसला की खिडकीकडे धावणं

१५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं चेल्याबिन्स्क. सुमारे वीस मीटरचा अशनी हवेतच फुटला. सूर्याहून लख्ख उजेड पडला आणि माणसं खिडक्यांपाशी गेली. जवळपास दोन मिनिटांनी दाबाची लाट आली आणि काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बरेचसे त्या काचांनी. चौथीच्या एका शिक्षिकेने मात्र उजेड दिसताच मुलांना बाकाखाली बसवलं. तिचा हात कापला, वर्गातल्या एकाही मुलाला खरचटलं नाही.

आपल्याकडे धूमकेतू नको, कारखान्यातला स्फोट पुरतो. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत दूरदूरच्या इमारतींच्या काचा गेल्या. उजेड आधी पोचतो, धक्का मागून येतो. त्या मधल्या वेळात काचेपासून लांब, भिंतीआड, डोकं झाकून बसायचं. फोन बाहेर काढून व्हिडिओ घ्यायचा नाही.

‘सरकार लपवतंय’ असं धरून चालणं

चित्रपटात लोकांना खरं उशिरा कळतं. त्यामुळे असे सिनेमे पाहून आलेला माणूस व्हॉट्सॲपवरच्या ‘धरण फुटलं’ वर चटकन विश्वास ठेवतो. खरं तर आकाशातल्या धोक्याचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला जातो. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली, ती जाहीर झाली, आणि निरीक्षणं वाढली तशी काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाला धडक देऊन त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ ३२ मिनिटांनी कमी करून दाखवला. तुकड्यांनी कोसळणारा धूमकेतू मात्र निव्वळ कल्पना नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ चे वीसेक तुकडे गुरूवर आदळताना जगाने पाहिले. आणि आदळण्याची खूण बघायची तर बुलढाण्यातलं लोणार आहेच, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद.

धरणाच्या विसर्गाची बातमी जलसंपदा विभाग किंवा जिल्हा प्रशासनाकडूनच घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीला ११२. २०२३ मध्ये देशभर फोनवर जोरात बीप वाजवून चाचणीचे इशारे आले होते. तो आवाज त्रासदायक वाटला म्हणून अनेकांनी सेटिंगमध्ये जाऊन इशारेच बंद करून टाकले. तुम्ही केले असतील तर आत्ता चालू करा. सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर घरात असू द्या.

शेवटच्या बोटीची वाट पाहणं

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि घरंच्या घरं दुःखात बुडाली. लोकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना समोरची बोट सोडायला कोण तयार होईल? उपाय त्या क्षणी नसतो, तो आदल्या दिवशी असतो. इशारा पातळी (धोक्याच्या पातळीच्या आधीची) ओलांडली की लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं रस्त्यानेच हलवायची. रस्ता चालू आहे तोवरच.

म्हातारी माणसं निघणारच, हे गृहीत धरू नका. ॲलिसनचे वडील डेल लेकीबरोबर येत नाहीत. बायको गेली ते घर, ती जमीन त्यांना सोडवत नाही. सांगलीकडे हे दृश्य कुणालाही परकं वाटणार नाही. आमच्याकडे घराबरोबर गोठाही असतो. ‘म्हशीला सोडून येत नाही’ म्हणणाऱ्या आजोबांशी पुराच्या रात्री वाद घालून उपयोग नसतो. उन्हाळ्यातच बसून ठरवा, जनावरं कुठे न्यायची, कुणाच्या टेम्पोने, चारा कुठे. जनावरांची सोय झाली की आजोबा आपणहून चप्पल घालतात. आणि सगळंच फसलं, तर निघण्याआधी दावी सोडा. बांधलेलं जनावर पोहूच शकत नाही.

बहिणीच्या नव्या घरात दाराच्या आतल्या खुंटीला निळी पिशवी टांगलेली असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाची ती खाली काढते, मुदतीच्या तारखा मोठ्याने वाचते आणि मुदत संपत आलेली वस्तू बदलते. गेल्या महिन्यात तिने आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यात टाकल्या. बहिणीने त्या मागितल्या तर म्हणाली, ‘तुझ्यासाठी दुसरी पट्टी आण, ही इथेच राहणार.’