पिकअप घेताना फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी, घ्यावी का?

आधी गाडी कुठे अडकते ते बघा. डांबरी रस्त्याने बाजार समितीत माल नेऊन परत यायचं असेल, तर टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणारी गाडी, पुरते. गाडी स्वस्त, वजनाला हलकी, डिझेल कमी खाते आणि दुरुस्तीला पार्टही कमी.

एक गोष्ट मात्र शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. बोलेरोसारख्या पिकअपला ताकद मागच्या चाकांना मिळते आणि हौदा रिकामा असला की मागे वजनच नसतं. म्हणून भरलेली गाडी निघते तिथे रिकामी गाडी घसरते. पावसाळ्यात अशा वेळी मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वाळूची चार-पाच पोती नीट बांधून ठेवा आणि खोल नक्षीचे टायर घाला. काळ्या रानात तर नक्षीत चिखल भरून चाक गुळगुळीत झालं, की फोर बाय फोरसुद्धा हात टेकते.

शेतातूनच माल भरायचा असेल किंवा घाटातला कच्चा चढ रोजचा असेल, तर फोर बाय फोरच घ्या, माझं मत ठाम आहे. इसुझू व्ही-क्रॉस दोन्ही प्रकारांत आलेली आहे, चालवून फरक बघा. पिकअपमध्ये बहुतेक वेळा ही सोय गरजेपुरती जोडायची असते. कोरड्या डांबरावर ती जोडून वळाल तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, टायर आणि गिअर झिजतात. आणि ब्रेक मात्र तिने जराही सुधारत नाही. ओल्या उतारावर वेग कमीच ठेवा.