सोलापुरात मुक्काम: खोलीचा भाव आणि तक्रारीची भाषा

खोली स्वस्त मिळणं बरंचसं तारखेवर असतं. तुळजापूरची गर्दी मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला, अक्कलकोटची गुरुवारी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पुढे नवरात्र ते कोजागरी. या दिवसांत घासाघीस करू नका, मिळेल ती खोली धरा. एरवी भरपूर वाव असतो.

आधी अ‍ॅपवर भाव बघा, पण बुकिंग लगेच करू नका. हॉटेलला थेट फोन लावा, तोही दुपारी, काउंटर निवांत असताना. ‘अ‍ॅपवर अठराशे दाखवतंय. थेट आलो तर काय लावाल? दोन रात्री राहणार आहे,’ एवढं पुरतं. अ‍ॅपचं कमिशन वाचत असल्यामुळे मॅनेजर बऱ्याचदा खाली येतो. पैशात नाही उतरला तर नाश्ता किंवा जादा गादी मागा.

मग दोन गोष्टी विचारा. भाव जीएसटी धरून आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के लागतो, आधीचे १२ नाही. आणि चेकआउट २४ तासांचं की दुपारी १२ चं? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालात तर सोलापूरला उतरेपर्यंत रात्र होते. १२ वाजता खोली सोडायची असेल तर पूर्ण दिवसाचं भाडं निम्म्या दिवसासाठी जातं. ठरलेला भाव व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, आणि खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता तक्रार. मागच्या मे महिन्यात स्टेशनजवळच्या एका लॉजवर माझा एसी नुसता वारा फेकत होता. रात्रीचे साडेअकरा, सोलापूरचा उन्हाळा, डोकं तापलेलं. खाली गेलो तर काउंटरवर एक पोरगा एकटाच पेंगत होता. ‘काय बे’ मित्रांत चालतं, इथे नाही. म्हटलं, ‘दादा, तासभर झाला, एसी गार करत नाही. दुसरी खोली द्या, नाहीतर नॉन-एसीचा भाव लावा.’ खोली त्याच्याकडे नव्हती आणि भाव त्याच्या हातात नव्हता, पण त्याने कूलर आणून दिला आणि रजिस्टरात नोंद केली. सकाळी मॅनेजरने ती नोंद बघून बिलातून ४०० रुपये कमी केले. रात्री आरडाओरडा केला असता तर त्या पोराने नोंद केली असती का, शंकाच आहे.

म्हणून तक्रार घडल्या वेळीच करा, बिल देताना नको. काय बिघडलंय आणि काय हवंय ते एका दमात सांगा. गरम पाणी नसेल तर आधी वेळ विचारा. सोलर असेल तर ते बऱ्याच ठिकाणी सकाळीच मिळतं. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही. कुणीच ऐकलं नाही तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

टॉवेल मात्र घरचा न्या. टॉवेलांच्या या गावात लॉजवाले इतके विरलेले टॉवेल कुठून शोधून आणतात, देव जाणे.