डोळ्यातला ब्लाइंड स्पॉट कसा शोधायचा, आणि मेंदू तिथे काय भरतो ते कसं बघायचं

आपल्या प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी आहे की तिच्यावर पडलेलं काहीच दिसत नाही. आणि ती काही सुईच्या टोकाएवढी नाहीये, आकाशात पौर्णिमेचे दहा चंद्र एकाला एक चिकटवून ओळीत ठेवले तर सगळे तिच्यात गडप होतील एवढी ती रुंद आहे, तरी आयुष्यभर आपल्याला पत्ता नसतो! हे वाचून सोडून देऊ नका, करून बघा, कागद, पेन आणि पट्टी एवढंच लागतं.

कोरा कागद आडवा धरा. डावीकडे एक छोटी फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंमीवर 1 सेंमी रुंदीचा गोल ठिपका काढून काळा भरून टाका. दोन्ही एका आडव्या रेषेत हवेत, ठिपका वरखाली गेला तर गडबड होते.

आता डावा डोळा हाताने झाका (दाबू नका, नुसता झाका), उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हात लांब करून धरून अगदी हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंमीच्या आसपास ठिपका गायब होतो, अजून जवळ आणला की परत येतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, ठिपका गेला का हे बघायला नजर आपोआप तिकडे वळते आणि वळली की तो दिसणारच. नजर फुलीवर, लक्ष ठिपक्यावर, हे जमायला थोडा वेळ लागतो. डाव्या डोळ्यासाठी उलटं, उजवा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, म्हणजे फुली जाते.

असं होतं कारण रेटिनावरच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरच्या) साधारण 10 लाख नसा जिथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. हे एद्म मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात शोधलं. ऑक्टोपसला ही भानगड नाही, त्याच्या नसा रेटिनाच्या मागच्या बाजूनेच निघतात.

पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. ठिपका गेला तेव्हा तिथे काय दिसलं? काळं भोक नाही, पांढरा कागद दिसला ना? मग आता रंगीत कागदावर हेच करा, तिथे तो रंग दिसेल. नंतर ठिपक्याच्या वरून आणि खालून एक जाड उभी रेघ काढा, ठिपक्याला दोन्हीकडून टेकणारी, आणि परत फुलीकडे बघा, ठिपका जातो आणि रेघ मधे न तुटता सलग दिसते. तिथे रेघ नाहीये हो, तिथे तुम्हीच ठिपका काढलाय ना, तरी दिसते! आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो, याला फिलिंग-इन म्हणतात आणि मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर बरेच प्रयोग केलेत. म्हणजे आपण जे बघतो त्यातलं काही डोळ्याने टिपलेलंच नसतं, मला तर हे दर वेळी तितकंच थक्क करतं.

स्पॉट मोजायचाही असेल तर दुसऱ्या कागदावर नुसती फुली काढा, कागद भिंतीला चिकटवा, डावा डोळा झाकून उजवा डोळा त्याच्यापासून 30 सेंमीवर स्थिर ठेवा, नजर फुलीवरच, आणि पेनाचं टोक फुलीपासून उजवीकडे सरकवत न्या, टोक दिसेनासं होतं तिथे एक खूण आणि परत दिसतं तिथे दुसरी. रुंदी साधारण 3 सेंमी भरेल.

दोन्ही डोळे उघडे असताना एकाच्या स्पॉटवरचं दुसऱ्याला दिसतं, त्यामुळे अडत नाही. पण हीच सोय काचबिंदूत घातक ठरते, कडेची नजर हळूहळू कमी होत जाते आणि मेंदू, दुसरा डोळा मिळून ते झाकत राहतात, माणसाला कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वरच्या प्रयोगाने काचबिंदू कळत नाही, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे डोळ्याचं प्रेशर, डोळ्याची नस आणि फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं ती तपासणी) असं सगळं तपासावं लागतं, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा वय चाळिशीपुढे असेल तर काही त्रास होत नसतानाच जाऊन या.