कॅलिफोर्नियात डीयूआयमध्ये (दारू किंवा नशा करून गाडी चालवताना) पकडले गेलात तर काय करायचं? आधी दहा दिवस मोजा

मागे आमच्या ओळखीतल्या एका मुलाला पार्टीहून घरी येताना फ्रीवेवर थांबवलं, रात्र लॉकअपमध्ये गेली, सकाळी सुटताना हातात एक गुलाबी कागद मिळाला तो त्याने डॅशबोर्डमध्ये कोंबला, कोर्टाची तारीख दीड महिन्यानंतर आहे म्हणजे तेव्हा बघू असं त्याला वाटलं, आणि माझ्याकडे आला तो बाराव्या दिवशी. तोपर्यंत उशीर झाला होता. तुमच्याबाबतीत असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

तो गुलाबी कागद म्हणजे तुमचं ३० दिवसांचं टेंपररी लायसन्स, आणि लायसन्स सस्पेंड होणार असल्याची नोटीससुद्धा तीच. कोर्टाची केस वेगळी आणि डीएमव्हीची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याची, कारवाई वेगळी, कोर्टाच्या निकालाची डीएमव्ही वाट बघत नाही. अटकेपासून १० दिवसांच्या आत, शनिवार रविवार धरून, डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी ऑफिसला फोन करून हिअरिंग मागायची. मागितली नाही तर ३० दिवसांनी लायसन्स आपोआप जातं, पहिल्या वेळी ४ महिने. वकील करायचा असेल तर तोही याच १० दिवसांत करा म्हणजे फोन तोच करेल.

आता रस्त्यावरचं. रक्तातल्या अल्कोहोलचं लिमिट ०.०८ टक्के आहे, २१ वर्षांखालच्यांना ०.०१, उबर वगैरे पॅसेंजर घेऊन चालवत असाल तर ०.०४. पण ०.०८ च्या खाली आलं म्हणजे सुटलो असं अजिबात नाही, गाडी नीट चालवता येत नव्हती असं दिसलं तरी केस होते, आणि गांजा किंवा डॉक्टरने दिलेल्या झोप आणणाऱ्या गोळ्यांवरही होते. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स लगेच द्या, हात स्टिअरिंगवर ठेवा, आपल्याकडच्यासारखं गाडीतून उतरून साहेबांशी बोलायला जाऊ नका. किती घेतली विचारल्यावर आपली माणसं घाबरून "थोडीशीच" म्हणतात, तोच कबुलीजबाब होतो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही, नम्रपणे सांगा की वकिलाशी बोलल्यावर सांगेन. पण अटक झाल्यावर श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट मात्र द्यावीच लागते, नाही म्हणालात तर त्या नकारासाठीच लायसन्स १ वर्ष जातं.

पहिल्या गुन्ह्याचा मूळ दंड ३९० ते १००० डॉलर, पण त्यावर इतके सरचार्ज लागतात की आकडा कितीतरी पट होतो. जेल ६ महिन्यांपर्यंत होऊ शकते, बहुतेकांना ३ ते ५ वर्षांचं प्रोबेशन मिळतं, सोबत किमान ३ महिन्यांची डीयूआय स्कूल. मागच्या सीटवर १४ वर्षांखालचं मूल असेल तर ४८ तासांची जेल वेगळी. आणि हा गुन्हा १० वर्षं मोजला जातो, तेवढ्यात दुसऱ्यांदा पकडलं तर शिक्षा बरीच वाढते.

एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर इथे नीट लक्ष द्या. शिक्षा होण्याची गरज नाही, नुसती अटक झाली तरी कॉन्सुलेट पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. व्हिसा रद्द झाला म्हणून इथलं स्टेटस लगेच जात नाही, नोकरीही सुरू राहते, पण एकदा भारतात गेलात की परत यायला नवीन स्टॅम्पिंग लागतं, त्याआधी त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी होऊ शकते. बहिणीचं लग्न असो की आईचं ऑपरेशन, तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, क्रिमिनल वकिलाला यातलं सगळं माहीत असेलच असं नाही. व्हिसाच्या फॉर्मवर अटक झाली होती का हा प्रश्न येतो तिथे खरंच लिहा, केस डिसमिस झाली असली तरी, आणि कोर्टाच्या कागदांची सर्टिफाइड कॉपी आत्ताच काढून ठेवा.