ईगल स्काउटच्या अंतिम मुलाखतीची तयारी: अर्ज देण्यापूर्वी प्रती काढून ठेवा

अमेरिकेत ईगल स्काउट, म्हणजे तिथल्या स्काउट चळवळीतील सर्वोच्च श्रेणी, मिळवण्याची शेवटची पायरी म्हणजे बोर्ड ऑफ रिव्ह्यू, अर्थात समितीपुढची मुलाखत. मुलाखतीची तारीख कळल्यावर तयारीला लागू, असे म्हणणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की ही तयारी अर्ज कौन्सिलच्या (स्काउटच्या प्रादेशिक संस्थेच्या) कार्यालयात देण्याआधीच सुरू करावी, आणि तिचे पहिले काम म्हणून अर्जासोबत जाणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत काढून घरी ठेवावी. थोरल्या मुलाच्या वेळी आमच्याकडून नेमके हेच राहिले. पडताळणीत बराच काळ गेला, आणि बोर्डाने त्याच्याच निवेदनातील एका वाक्याबद्दल विचारले तेव्हा आपण काय लिहिले होते ते त्याला आठवेना. धाकटीच्या वेळी प्रतींची फाइल आधी केली आणि मगच अर्ज दिला.

वयाची अट सर्वांना ठाऊक असते, तरी ती पुन्हा तपासावी. मेरिट बॅज (एकेका विषयात मिळवायचे बिल्ले), ट्रूपमधील म्हणजे स्थानिक स्काउट तुकडीतील जबाबदारीचे पद, सेवा प्रकल्प आणि स्काउटमास्टरसोबतची, म्हणजे ट्रूपच्या प्रौढ प्रमुखासोबतची, चर्चा हे सारे अठराव्या वाढदिवसाच्या आत पूर्ण झालेले असले पाहिजे; बोर्ड तेवढे नंतर होऊ शकते. वाढदिवस जवळ आला असेल तर स्काउटमास्टरची वेळ आजच मागून घ्यावी.

अर्जातील तारखा हे कंटाळवाणे काम आहे, आणि अर्ज परत येण्याचे एक मोठे कारणही तेच आहे. एकवीस मेरिट बॅज, ईगलच्या आधीच्या स्टार आणि लाइफ या पायऱ्यांच्या बोर्डांच्या तारखा, लाइफ झाल्यानंतर ट्रूपमध्ये सक्रिय राहिल्याचे आणि जबाबदारीचे पद सांभाळल्याचे किमान सहा महिने, हे सर्व कौन्सिलच्या नोंदींशी तंतोतंत जुळावे लागते. बॅजची जुनी कार्डे कोणत्या खोक्यात आहेत याचा शोध अर्ज भरताना नव्हे, आधी घ्यावा. कौन्सिलने पडताळलेला अर्ज परत आल्याखेरीज बोर्ड बसत नाही, त्यामुळे एका चुकलेल्या तारखेपायी सगळेच लांबते.

शिफारस देणाऱ्यांची नावे लिहिण्यापूर्वी त्यांना विचारावे, ही साधी सभ्यता झाली. त्यांची पत्रे उमेदवाराच्या हाती येत नाहीत. ती परस्पर कौन्सिलकडे किंवा कौन्सिलने नेमलेल्या व्यक्तीकडे जातात. एखादे पत्र आले नाही म्हणून बोर्ड नाकारता येत नाही, तेव्हा त्या काळजीने झोप उडवून घेऊ नये.

आता सर्वांत दुर्लक्षित कागदाकडे वळतो. ईगलच्या सातव्या अटीनुसार उमेदवाराने आपल्या आकांक्षांचे आणि जीवनातील ध्येयाचे निवेदन लिहून अर्जाला जोडायचे असते, आणि त्यासोबत शाळा, धार्मिक संस्था, शिबिर, समाज अशा ठिकाणी ज्या पदांवर नेतृत्व केले त्यांची व मिळालेल्या सन्मानांची यादी द्यायची असते. बहुतेक मुले हे शेवटच्या रात्री लिहितात आणि पालक त्यात भारदस्त वाक्ये घालतात. कृपया तसे करू नये. बोर्डाचे सदस्य हे निवेदन वाचून येतात आणि त्यातूनच प्रश्न काढतात. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याचे समर्थन सतरा वर्षांच्या मुलाला करता येत नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. निवेदन त्याच्या स्वतःच्या शब्दांत असावे, आणि त्याची प्रत घरी असावी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी उमेदवाराने ती प्रत सावकाश वाचावी. संगणकात फाइल आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. जमा केलेला मसुदा शेवटचा होता की त्याच्या आधीचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

हेच सेवा प्रकल्पाच्या वर्कबुकला, म्हणजे प्रस्ताव आणि अहवाल लिहायच्या पुस्तिकेला, लागू आहे. प्रस्तावाची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीची असते, आणि काम संपल्यावर लाभार्थी संस्थेची व स्काउटमास्टरची सही लागते, त्यामुळे सह्यांसह सगळ्या पानांची प्रत काढावी. अहवालात मूळ आराखड्यात कोणते बदल झाले ते लिहिलेले असते, आणि बोर्डाला तिथेच रस असतो: स्वयंसेवक कमी आले तेव्हा काय केले, साहित्य पुरले नाही तेव्हा निर्णय कोणी घेतला, कोणाला कोणते काम का दिले. आपल्या घरांत स्वतःची बढाई न मारण्याचे वळण असते, म्हणून मुले प्रत्येक उत्तर ‘आम्ही केले’ असे देतात. ते वळण चांगलेच आहे, परंतु इथे तपासले जाते ते नेतृत्व, आणि आपण स्वतः काय ठरवले हे सांगणे म्हणजे बढाई नव्हे, हे त्याला आधीच समजावून द्यावे.

प्रतिज्ञा, नियमाचे बारा गुण आणि बोधवाक्य मोठ्याने म्हणता आले पाहिजे. गाठी आणि प्रथमोपचार पुन्हा घोकण्याची गरज नाही, कारण बोर्ड ही फेरपरीक्षा नसते. कोणता गुण पाळणे अवघड गेले, ट्रूपमध्ये काय बदलावेसे वाटते, ईगल झाल्यावर ट्रूपसाठी काय करणार, अशा प्रश्नांवर आधी घरी बोलून घ्यावे, परंतु उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. सराव आईवडिलांनी घेण्यापेक्षा एखाद्या अनोळखी प्रौढाने घेतलेला बरा.

बोर्डात तीन ते सहा सदस्य असतात, सर्व किमान एकवीस वर्षांचे. पालक, नातेवाईक आणि उमेदवाराच्या ट्रूपचे स्काउटमास्टर व त्यांचे सहायक सदस्य होऊ शकत नाहीत. पालकांनी बाहेर थांबावे आणि आत येण्याचा आग्रह धरू नये. निर्णय एकमताने व्हावा लागतो. नकार मिळाल्यास कारणे समजतात आणि अपील करता येते.

गणवेश स्वच्छ असावा, बॅज योग्य जागी. वेळेआधी पोहोचावे. प्रतींची फाइल सोबत न्यावी. ती गाडीत ठेवू नये, हातात ठेवावी.

मंजुरीनंतर कागद राष्ट्रीय कार्यालयाकडे जातात, आणि ईगलची तारीख म्हणून बोर्डाचीच तारीख लागते. समारंभासाठी सभागृह ठरवणे आणि नातेवाइकांची विमानाची तिकिटे काढणे मात्र राष्ट्रीय कार्यालयाची मान्यता आल्यावरच करावे.